अबोल्यातली वाइन

९ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. तीन वर्षं तुम्हाला माझा पत्ता सापडत नव्हता आणि लेबलावर दोन ओळी हव्या झाल्या तसा लगेच सापडला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. तुमच्याकडे मेलेल्या वैद्याला पुन्हा उठवून बसवायचीही सोय दिसते.

तुम्ही लिहिलंय ते मला नीट कळलं का, ते एकदा सांगून टाकते. तुमच्या दादांच्या शेवटच्या वर्षाची वाइन तुम्ही मार्चमध्ये बाटलीत भरणार. तिच्या मागच्या लेबलावर त्यांच्या बायकोच्या दोन ओळी आणि खाली सही हवी. आजारपणातही त्यांनी स्वतःच्या जिभेने ही वाइन कशी घडवली, हे 'मनाला भिडेल अशा शब्दांत' हवं. सोबत नमुना जोडला आहे.

नमुना वाचला. 'माझ्या सौभाग्याचा अखेरचा घोट.' ज्याने हे लिहिलं त्याला दोन दिवस सुट्टी द्या आणि परत आला की आणखी दोन दिवस द्या. तुमच्या दादांनी हे वाचलं असतं तर आधी हसले असते आणि मग कोणाला तरी कामावरून काढलं असतं.

मला एक कळत नाही. वाइनरी तुमची, पिंपं तुमची, तुमच्या दादांचा फोटोही मी निघताना भिंतीवरच ठेवून आले. मग माझी सही कशाला हवी? ज्या दिवशी तुम्ही सगळ्या कामगारांसमोर माझ्याकडून तळघराच्या किल्ल्या मागून घेतल्यात आणि म्हणालात, "वहिनी, आता तुम्ही आराम करा," त्या दिवसापासून मी आरामच करते आहे. बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे गल्ल्यामागे बसते. लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. एकेकाळी लोक नकळत माझ्या नाकावर विश्वास ठेवायचे, आता मी त्यांच्या नाकांची मापं घेते. काम वाईट नाही. निदान ज्याला दिसत नाही तो इथे येऊन कबूल तरी करतो.

दोन ओळींचं बघते. घाई करू नका.

वहिनी


२८ जानेवारी

भाऊजी,

माझ्या बहिणीला दुकानात फोन करून "वहिनी अजून रागावल्यात का?" असं विचारायची गरज नव्हती. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने तोंडदेखलं "नाही हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, ताई, तू अबोल्यात आहेस असं तो समजतोय.

तिला तो शब्द आपल्या घराकडूनच कळलेला. मामंजींचा शब्द. पिंप हलवलं, वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढली किंवा बाटलीत भरली की ती काही काळ रुसते. वास देत नाही, चव देत नाही, नुसतं आंबट पाणी लागतं. बाहेरचा माणूस म्हणेल, मेली. मामंजी म्हणायचे, मेली नाही, अबोल्यात आहे. आणि वर सासूबाईंकडे बघून, की वाइन आणि बायको, अबोल्यात असताना कुणाबद्दलही मत बनवू नये. सासूबाईंना हा विनोद कधीच आवडला नाही. मलाही आवडत नव्हता, पण त्यातली अक्कल मी घेतली.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात. गुडघे फुटलेले, खिशात बुचं. मी तुम्हाला नावाने हाक मारली तर सासूबाई म्हणाल्या, लहान असला तरी दीर आहे, भाऊजी म्हण. तेव्हापासून भाऊजीच म्हणते आहे. तुम्हाला तळघरात पहिल्यांदा नेऊन वास कसा घ्यायचा ते मीच शिकवलं. तुम्हाला घाई असायची. पेला नाकाशी नेला की लगेच उत्तर. तुमचे दादा म्हणायचे, याचं नाक चांगलं आहे, बूड स्थिर नाही.

आता मूळ गोष्ट लिहिते. गेल्या वेळी लिहिली नाही, कारण हात धजला नाही. तुमच्या नमुन्यात 'स्वतःच्या जिभेने' असं आहे. भाऊजी, त्या वर्षी त्यांना जीभ नव्हतीच. गळ्यावर उपचार सुरू झाले आणि महिन्याभरात त्यांची चव गेली, मग वासही. पाणी आणि वाइन यांतला फरक त्यांना रंगावरून कळायचा. हे डॉक्टरला माहीत होतं आणि मला. त्यांना खुर्चीत बसवून तळघरात नेत होतो ते आठवत असेल. मी पिंपात काचेची नळी घालून वाइन काढायची, 'नीट निघाली का बघते' म्हणून आधी स्वतः चाखायची, मग पेला त्यांच्या हातात द्यायचा. चांगली असेल तर उजव्या हातात. नसेल तर डाव्या. ते डोळे मिटून घोट घ्यायचे, थांबायचे आणि हात बघून हो किंवा नाही अशी मान हलवायचे. कामगार श्वास रोखून बघत असायचे. सहा पिंपं अशी ठरली. कोणती द्राक्षं कुठे जायची, तळाशी बसलेल्या गाळावर किती दिवस ठेवायची, कुठे थांबायचं, सगळं उजव्या-डाव्या हाताने.

याबद्दल आम्ही घरीसुद्धा कधी बोललो नाही. ते मानी होते आणि मी त्यांची बायको होते. एकदा एक मोठा व्यापारी आला होता. त्याने सहज विचारलं, वहिनीसाहेबांनाही यातलं कळतं का? तुमचे दादा म्हणाले, बायकांचं नाक स्वयंपाकघराच्या बाहेर चालत नाही. तेव्हा पेला त्यांच्या उजव्या हातात होता. मी दिलेला. पुढचा पेलाही मी योग्य त्याच हातात दिला. तो राग अजून गेलेला नाही आणि माणूस गेला, त्यामुळे आता तो कुणावर काढायचा हा प्रश्न आहे. कधी कधी तुमच्यावर निघत असेल.

त्यांचं नाव पुसा असं मी म्हणत नाही. मला एकच शब्द हवा आहे. 'ही वाइन आम्ही दोघांनी केली.' दोघांनी. बाकीचं तुम्ही हवं तितकं भिडवा. तो शब्द असेल तर सही करते, नसेल तर नाही.

कळवा.

वहिनी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

काल तुमच्या इथून निघताना मी धड निरोपही घेतला नाही, म्हणून हे लिहिते आहे. शिवाय तुमच्यासमोर जे बोलायचं होतं ते दाराबाहेर पडल्यावर सुचलं. माझं हे जुनंच आहे.

मी न सांगता आले याचा तुम्हाला राग आला. पण तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा म्हटलं आपणच जाऊन बघावं. तिकीट काढून आले. दारावरच्या माणसाने मनगटाला कागदी पट्टी बांधली. माझ्याच घरात मी हरवू नये म्हणून.

आमच्या घोळक्यात आठ-दहा जण होते. एक नवं जोडपं, काही ऑफिसातले मित्र आणि एक जाडसर गृहस्थ, ज्यांना प्रत्येक वाइनमध्ये पेन्सिलीचा वास येत होता. त्यांची बायको त्यांना दर वेळी कोपर मारत होती. माहिती सांगणारी मुलगी हुशार आहे, तिला सांभाळा. तळघर तुम्ही नव्या इमारतीत हलवलंत हे मला तिच्याकडून कळलं. थंडावा चांगला ठेवलाय, दिवे मात्र जास्त आहेत. पिंपांना दागिन्यांसारखं उजेडात बसवायचं नसतं.

तिने तुमच्या दादांची गोष्ट सांगितली. खुर्ची, आजार, मिटलेले डोळे, एक घोट, आणि मान. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज येत असेल तर कमाल आहे. खुर्चीमागे कोण उभं होतं हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिला ते कुणी शिकवलेलंच नसणार.

मग ती कोपऱ्यातल्या एका पिंपाजवळ थांबली. म्हणाली, "ही आमची वहिनी." घोळका हसला. तिने समजावलं, त्या वर्षीच्या सहा पिंपांपैकी हे एकच मूळ राहिलंय. बाकी पाचांत सरांनी, म्हणजे तुम्ही, दुसरी वाइन मिसळून त्यांना माणसांत आणलं. हे मात्र कडक, आंबट, कुणाशी जमवून घेत नाही, म्हणून कामगार याला वहिनी म्हणतात. आधी ही चाखा, मग बाटलीतली चाखा, म्हणजे फरक कळेल.

मीही हसले. न हसून काय करणार? मनगटाला पट्टी होती.

तिने नळीने काढून सगळ्यांना थोडी थोडी दिली. पेला नाकाशी नेला. भाऊजी, ती बोलायला लागली आहे. आधी काळ्या फळाचा वास, मग ओल्या लाकडाचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि शेवटी ते कडसर टोक, जे मी मुद्दाम ठेवलं होतं. ते टोक काढून टाका असं मुकादम तुमच्या दादांना दोनदा म्हणाले होते आणि मी दोन्ही वेळा उजव्या हातात पेला दिला होता. तिथे थुंकायला भांडं होतं. मी थुंकले नाही, गिळली. घोळक्यातल्या बऱ्याच जणांनी तोंडं वाकडी केली, कारण तसं करायचं असतं हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. पेन्सिलवाले गृहस्थ तेवढे हळूच म्हणाले, मला हीच आवडली. बायकोने कोपर मारलं.

मग तुमची बाटली. पाहुण्यांसाठी आधी भरून ठेवलेली. मऊ, गोड, गुळगुळीत, घशाखाली गेल्यावर तिची आठवणही राहत नाही. मी ती भांड्यात थुंकले. तेवढ्यात तुम्ही आलात आणि माझ्याकडे बघून तुमचा चेहरा उतरला.

माझ्या जुन्या खोलीत तुम्ही मला नेलंत. तिथे आता भेटवस्तूंचे डबे आहेत. तुम्ही पाणी मागवलंत, बहिणीची चौकशी केलीत, हवा कशी आहे ते सांगितलंत. साखर पेरून झाल्यावर मी विचारलं, पाच पिंपांत मिसळायचं केव्हा ठरवलंत? तुम्ही म्हणालात, तळघर हलवलं, नंतर पंधरवड्याने चाखली, सपाट लागली, वाया गेली होती. वाचवायला मिसळणं भाग होतं. सहावं पिंप मुकादमांच्या चुकीने राहून गेलं.

पंधरवड्याने! पिंपं ट्रकवर घालून हलवली आणि पंधरवड्याने चाखली. मामंजींच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं, भाऊजी, ती अबोल्यात होती. तुम्ही खाली बघितलंत. तेव्हा मला दिसलं की तुम्हालाही हे नंतर कधीतरी कळलं आहे. तुम्ही म्हणालात, विचारणार कोणाला होतो? तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात, वहिनी.

हे तुमचं खरं आहे. मी बोलत नव्हते. पण तुम्हीही विचारलं नाहीत. फोन तेव्हाही होता.

यानंतर मी माझ्या एका शब्दाचं विचारलं. तुम्ही उठून दार लावलंत आणि जे म्हणालात ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे कुणी वेगळं बोलायला नको. तुम्ही म्हणालात, "मला तेव्हाच माहीत होतं, वहिनी. उजवा हात, डावा हात, सगळं दिसत होतं मला. पण गेलेल्या माणसाची शेवटची वाइन लोक शोधत येतात. घरी बसलेल्या बाईची कोण घेणार?"

मी उठले आणि निघाले. तुम्ही मागून सांगितलंत, पुढच्या महिन्यात ते सहावं पिंप व्हिनेगरवाल्याला देतोय, जागा हवी आहे.

मी तीन वर्षं समजत होते की तुम्हाला माहीत नाही. माणसाला माहीत नसेल तर त्याला माफ करता येतं, म्हणून मी एक खिडकी उघडी ठेवली होती. ती तुम्ही काल स्वतः लावून घेतलीत.

वहिनी


२० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा एकेरीवर येते आहे. सासूबाई नाहीत, तेव्हा कुणी रागावणार नाही. आणि तुला राग आला तर येऊ दे.

तुझ्या दोन ओळी सोबत वेगळ्या कागदावर पाठवते आहे, सहीसकट. इथेही लिहिते: 'ही वाइन ह्यांची. मी फक्त पेला त्यांच्या हातात दिला.'

तुझ्या लेबलवाल्याला आवडेल. साधी, सोज्वळ, मागे उभी राहिलेली बायको. दुसरं वाक्य खरं आहे, कोणत्या हातात ते तुला माहीतच आहे. पहिलं खोटं आहे, पण ते मी आता बिनदिक्कत लिहू शकते. बहिणीने विचारलं, ताई, एवढं झालं आणि तू सही देतेस? तिला सांगितलं तेच तुलाही सांगते. त्या पाच पिंपांत तू तुझी गोड वाइन ओतलीस त्याच दिवशी माझा हात त्यातून सुटला. ती मी केलेली नाही. ती कुणीच केलेली नाही, ती नुसती झाली आहे. तिच्यावर तुझ्या दादांचं नाव घाल, तुझं घाल, त्या मनगटाला पट्टी बांधणाऱ्याचं घाल. मी भांडणार नाही. आयत्या बिळावर नागोबा बसला तर बसू दे, बिळात आता काही उरलेलं नाही.

दोघांनी हा शब्द मी परत घेते. तुझ्या दादांनी तो कधी दिला नाही, तू देणार नाहीस, आणि त्या बाटलीसाठी मला तो नको.

सहावं पिंप तेवढं माझं आहे. ते व्हिनेगरवाल्याला देण्याआधी एकदा चाख. घाई करू नकोस. पेला धरून बस, उत्तर देऊ नकोस, आणि कुणाच्या चेहऱ्याकडे बघू नकोस. ती कशी आहे हे मी सांगणार नाही. एवढं शिकवलेलं तुझ्या नाकात उरलं असेल तर तुला कळेल. कळलं नाही तर दे ओतून. मला त्याचं वाईट वाटेल, खूप वाटेल, पण मी विचारायला येणार नाही.


११ जून

भाऊजी,

पुन्हा भाऊजी म्हणते आहे. एकेरीवर आपल्या माणसाला घेतात.

तुमची पेटी आली. बहिणीने दुकानात गिऱ्हाइकांसमोरच उघडली. आत तीन बाटल्या आणि तुमची चिठ्ठी. वाइनरीच्या कागदावर, पण हाताने लिहिलेली, म्हणून आधी तीच वाचली.

तुम्ही लिहिलंय की मी सांगितलं तसं सहाव्या पिंपाजवळ एकटे जाऊन बसलात. दोन तास बसलात. नंतर तिथेच रडलात, हेही लिहिलंय, ते लिहायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पाच पिंपांची वाइन तुमच्या दादांच्या नावाने काढायची नाही असं ठरवलंत आणि ती साध्या बाटल्यांत, दुसऱ्या नावाने विकायला दिलीत. सहाव्या पिंपातली तेवढी या बाटल्यांत भरलीत. भरल्यावर अबोला सुटेपर्यंत कुणालाही चाखू दिली नाहीत, मुकादमांनाही नाही. वाचता वाचता बहिणीला म्हटलं, बघ, शिकला. उशिरा शिकला पण शिकला. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आता लिहायची लाज वाटते. किल्ल्यासुद्धा आल्या मनात.

मग चिठ्ठीची शेवटची ओळ वाचली. 'लेबल छापून तयारच होतं, तेच लावलं.'

बाटली फिरवून पाहिली. पुढे तुमच्या दादांचा फोटो. मागे माझं अक्षर, जसंच्या तसं छापलेलं, सहीच्या शेवटच्या वळणासकट. 'ही वाइन ह्यांची. मी फक्त पेला त्यांच्या हातात दिला.' गल्ल्यापाशी एक बाई चष्म्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी नव्या भिंगांतून ते मोठ्याने वाचलं आणि मला म्हणाल्या, किती नशीबवान आहात, अशा माणसाबरोबर राहिलात.

दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघींनी उघडली. बहिणीला वाइनमधलं फारसं कळत नाही. तिने एक घोट घेतला आणि बराच वेळ पेला खाली ठेवला नाही. मी चाखली. काहीही कमी झालेलं नाही. कडसर टोक तसंच आहे. मी आयुष्यात याहून चांगली केली नाही आणि आता करणार नाही, कारण कशातून करणार?

तुम्हाला कळलं, ही चांगली गोष्ट झाली. ती कुणाची आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. कशी आहे तेही आता माहीत झालं. दोन्ही माहीत असलेला दुसरा माणूस जगात नाही, आणि त्याने ते लेबल लावलं, कारण ते छापून तयार होतं. तुम्ही मला फसवलंत असं मी म्हणूही शकत नाही. अक्षर माझं आहे. वाईट वाइनसाठी दिलेलं खोटं तुम्ही चांगल्या वाइनवर चिकटवलंत, एवढंच.

लोक शोधत येत आहेत, असंही लिहिलंय तुम्ही. येऊ देत.

इतकी वर्षं माझ्या कुठल्याच वाइनवर माझं नाव नव्हतं. आता एकीवर आलं आहे, आणि तेही ती माझी नाही असं सांगायला. या पत्राखाली सही करत नाही.